लग्नाचे फोटो निवडायला आणि सांभाळायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

गुहागरकर_क्लिक:
नमस्कार मंडळी. मी गुहागरला लग्नं नि प्रीवेडिंग करतो, दुसऱ्या कॅमेऱ्यावर मावसभाऊ, म्हणजे एका लग्नाचे साडेतीन-चार हजार रॉ फोटो (कॅमेऱ्याच्या कच्च्या, जड फाइली) होतातच. सध्या लाइटरूम क्लासिक वापरतोय आणि एकेक फोटो स्पष्ट दिसायला इतका वेळ लागतो की निवड करता करता डोळा लागतो. वर दर महिन्याचं भाडं, पावसाळ्यात काम नसलं तरी ते चालूच. कॅप्चर वनवर जाऊ का? लॅपटॉप १६ जीबीचा आहे. नेटचं तुम्हाला सांगायला नको, त्यामुळे क्लाउडवाले सल्ले नकोत प्लीज.

रॉ_रत्नागिरी:
भावा आधी नक्की काय स्लो आहे ते बघ. निवड, एडिट आणि सांभाळणं ही तीन वेगळी कामं, आपण ती एकाच सॉफ्टवेअरच्या गळ्यात मारतो. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला जेपेग असतोच, फोटो मेकॅनिक नावाचं सॉफ्टवेअर तोच दाखवतं म्हणून ते पळतं, लाइटरूम स्वतःचा प्रीव्ह्यू, म्हणजे दाखवायची प्रत, बनवत बसतं. पण लाइटरूममध्येही इम्पोर्ट करताना प्रीव्ह्यूला 'एम्बेडेड अँड साइडकार', म्हणजे तोच आतला जेपेग, निवडता येतं, फुकटात होतंय तर आधी ते करून बघ. आणि स्मार्ट प्रीव्ह्यू बनव, लांब बाजू २५४० पिक्सेलची छोटी कॉपी असते, हार्ड डिस्क घरी ठेवून एसटी स्टँडवर बसूनसुद्धा एडिट होतं.
कॅप्चर वन मी स्टुडिओत वापरतो, केबल लावून शूट करायचं तर झकास आहे, आणि त्यात सेशन असतं, म्हणजे एका कामाचं सगळं एका फोल्डरात. एकरकमी लायसन्सही मिळतं. पण लाइटरूममधले स्टार नि कीवर्ड तिकडे नेता येतात, स्लायडरवर केलेली मेहनत जशीच्या तशी येत नाही. दोन वर्षांनी जुन्या गिऱ्हाइकाने अल्बम मागितला की मग बस परत रंग जुळवत.

चिपळूणची_ताई:
सॉफ्टवेअर कुठलंही घे रे, पण फोटो ठेवतोस कुठे ते सांग आधी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या दुकानात शिरलं. दोन हार्ड डिस्क होत्या, दोन्ही एकाच कपाटात आणि तेही खालच्या खणात. कॅटलॉगचा बॅकअप पेनड्राइव्हवर घरी होता म्हणून मी निर्धास्त! नंतर उघडून बघते तर काय, कॅटलॉगमध्ये मूळ फोटो नसतातच, फोटो कुठे आहे आणि त्यावर काय काय केलं याची ती नुसती वही. वही राहिली, माल गेला. आता एक डिस्क कायम माहेरी सावर्ड्याला असते.
आणि लाइटरूममध्ये कंट्रोल एस मारायची सवय लाव, एक्सएमपी फाइल, म्हणजे केलेल्या एडिटची नोंद, फोटोच्या शेजारी बनते, कॅटलॉग बिघडला तरी बरंचसं काम वाचतं. ॲपलचं ॲपर्चर हे फोटोचं सॉफ्टवेअर आठवतंय का कोणाला? २०१४ मध्ये बंद करतोय म्हणाले आणि लोक आपापल्या लायब्ऱ्या घेऊन दारोदार.

मालवणी_माणूस:
मी दशावताराचे फोटो काढतंय, रात्रभर नाटक, उजेड कमी, आयएसओ (कमी उजेडात वाढवूची कॅमेऱ्याची सेटिंग) ६४०० च्या खाली येणाच नाय. माका डीएक्सओ फोटोलॅब आवडला, त्येचा डीपप्राइम नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, असो साफ करता की राजाच्या मुकुटाची टिकली न् टिकली दिसता. इम्पोर्टची भानगड नाय, फोल्डर उघड नि सुरू. पण बरा ग्राफिक कार्ड नसला तर एक फोटो लाव नि चाय पिऊन ये. पैशे घालूचे नसतीत तर डार्कटेबल फुकट असा.

गुहागरकर_क्लिक:
रविवारी चुलतबहिणीच्या हळदीचे ११०० फोटो एम्बेडेड प्रीव्ह्यूने टाकून बघितले, लाईट जायच्या आत निवड संपली!! त्यामुळे सध्या लाइटरूमच राहू दे. ताई, तुमचं वाचून रात्री उठून डिस्क बघितल्या, दोन्ही एकाच बॅगेत. एक उद्याच शृंगारतळीला मामाकडे टाकतो.
मालवणी दादा, डार्कटेबल १६ जीबीवर चालेल ना?

मालवणी_माणूस:
चलतला रे. पैल्या आठवड्यात डोक्याक ताप होतलो, तेव्हा माका फोन करू नको.