मदत हवी आहे : लायसन्स सस्पेंड, तरी दाजी टेम्पो काढायला निघालेत

नमस्कार मंडळी. आमचे दाजी निपाणीचे. भाजीचा टेम्पो घेऊन रोज रात्री कोल्हापूर मार्केटला जातात. ओव्हरलोडच्या केसमधून त्यांचं लायसन्स तीन महिन्यांसाठी सस्पेंड झालंय. कागद सगळा कानडीत. गल्लीतल्या मास्तरांनी वाचून दाखवला तेव्हा कुठे तारखा कळल्या.

आता स्टँडवरची पोरं त्यांच्या कानात भरवतात, "ऑर्डर कर्नाटकची हाय, कोगनोळी नाका ओलांडला की कोण इचारतंय?" मला हे पटत नाही. लायसन्स देशभर चालतं, मग सस्पेंड झालेलं महाराष्ट्रातल्या कागलात कसं चालेल? मोटार वाहन कायद्याच्या कलम 182 मध्ये अशा वेळी गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, असं आहे. टेम्पो ताईच्या नावावर, म्हणजे कलम 180 खाली मालक म्हणून तीही अडकणार. दाजींना हे सांगितलं तर म्हणतात, "टेम्पोचा हप्ता तू भरतोस काय?" तेही खरंच आहे म्हणा.

जाणकारांनी सांगा :
ऑर्डरविरुद्ध अपील 30 दिवसांत करायचं असतं. अजून मुदत आहे. चिकोडीत मराठीत नीट समजावून सांगणारे वकील कोणी आहेत का?
अपघात झालाच तर इन्शुरन्सवाले हात वर करतात का? कोणाचा अनुभव?
आणि महिना-दोन महिन्यांसाठी बॅजवाला, रात्रपाळीचा ड्रायव्हर संकेश्वर-निपाणी भागात मिळेल का? पगार रोजच्या रोज देऊ.