तीन गोळ्यांचा गट फसवतो

रायफलीची काडतुसं स्वतः भरताना त्यांतल्या दारूचं (स्फोटक भुकटीचं) वजन थोडंथोडं बदलत प्रत्येक वेळी तीन गोळ्या झाडल्या, तरी गट (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) कधी जुळतो, कधी फाटतो, अशी एका नेमबाजाची तक्रार आहे. मला इथे दोष दारूचा वाटत नाही. तीन गोळ्या योगायोगानेही जवळजवळ पडतात. तोच लोड (काडतुसातला दारू-गोळीचा मेळ) दहा गोळ्यांनी तपासा, मग खरा पसारा दिसेल. १०० मीटरवर एक मिनिटाचा कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे जेमतेम २९ मिलिमीटर. एवढ्यात श्वाससुद्धा फरक पाडतो.

आधी शरीराची बैठक बघा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. नेम सरकलेला दिसला तर हाताने रायफल ओढू नका, कोपर आणि कंबर हलवून सगळं शरीरच वळवा. स्नायूंनी ओढून धरलेली रायफल चाप दाबताना परत सरकतेच. गोळी सुटल्यावरही गाल दस्त्यावरून उचलू नका. रिकाम्या रायफलीवर रोज सराव करा, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, दोनदा तपासून (रिमफायरला, म्हणजे काडतुसाच्या कडेवर आघात करणाऱ्या रायफलीला, मात्र डमी काडतूस घाला).

हे बसलं की मग लोडिंगकडे, म्हणजे काडतुसं भरण्याकडे, वळा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि लोडिंग पुस्तिकेतली कमाल मर्यादा कधीही ओलांडू नका.