वाळवणाला गच्ची कधी उघडताय?

बी-१०१ वहिनी: सेक्रेटरी काका, गच्चीची किल्ली कधी मिळेल? ऊन चांगलं तापायला लागलंय, आमच्या सासूबाई रोज विचारलालेत गहू भिजत घालू का म्हणून

सेक्रेटरी काका: किल्ली देतो की वहिनी. पण टाकीच्या झाकणावर काही वाळत घालायचं नाही, ते सगळ्यांचं प्यायचं पाणी आहे. आणि आधी दिवस ठरवून घ्या, एकाच दिवशी चार घरांचं वाळवण वर आलं की जागेवरून बोलाचाली होते.

सी-२०४ दादा: आता सगळं तयार मिळतं हो, बचत गटवाले चांगलं करून देतात. एवढ्या उन्हात आईला गच्चीवर पाठवायचं म्हणजे मला काळजी वाटते

ए-२०३ काकू: दादा, बचत गटाकडून जरूर घ्या, त्या बायकांचा संसार चालतो त्यावर, शेवया मीपण त्यांच्याकडूनच घेते. पण कुरडईचं तसं नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं नाहीतर वास धरतो, चौथ्या दिवशी वाटून पिळून गाळून चीक काढायचा, तो रात्रभर खाली बसू द्यायचा, सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं. मग जितका चीक तितकं पाणी, पाण्याला उकळी आली की मीठ हिंग घालून एकजण चीक ओतणार आणि दुसरी घाटत राहणार, हात थांबला की गाठी झाल्याच. एकट्या बाईने हे करायचं म्हटलं तर ओतू का घाटू असं होतं, आणि चीक गरम असतानाच सोऱ्यात भरायचा, गार झाला की दाबता दाबत नाही. म्हणून आमच्या वाड्यात हे काम कधी एका घराने केलं नाही, आज तुमच्याकडे उद्या आमच्याकडे. फ्लॅटमध्ये आल्यावर ते सुटलं आणि मग सगळ्याच म्हणायला लागल्या की होत नाही आता. होतं गं, दोघी-तिघी असल्या की होतं. राहता राहिलं ऊन, तर आईंना वर पाठवूच नका दादा, त्यांनी घरात बसून चीक शिजला का तेवढं बघायचं, पांढरा जाऊन काचेसारखा दिसायला लागला की झाला. वर घालायला आम्ही सकाळी सातला जातो, दहाच्या आत खाली.

सी-२०४ दादा: असं असेल तर ठीक आहे काकू. आई वाचून हसतेय, म्हणाली गरम चीक तेल-मीठ घालून खाऊन किती वर्षं झाली. तिच्यासाठी वाटीभर ठेवा

बी-१०१ वहिनी: वाटीभर काय, डबा पाठवते. आमच्या मुलांना दूध साखर घालून आवडतो. आणि उरलेल्या कोंड्याच्या भुसवड्या पण घालू, टाकायचं काही नाही

बी-४०२ ताई: नमस्कार, आम्ही नवीन आलोय, मूळचे रत्नागिरीचे. आमच्याकडे मिरगुंडं आणि फणसाचे पापड करतात, कुरडई मी फक्त खाल्लीये. मदतीला आले तर चालेल का? आणि एक विचारायचं होतं, इथे येऊन रोज ज्वारीची भाकरी करायला लागलेय पण थापताना कडेला चिरा पडतात आणि उचलली की तुटते, पीठ चांगल्या दुकानातलं आहे.

बी-२०२ आप्पा: ताई पीठ चांगलं असेल पण जुनं असेल. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, चिकटपणा येत नाही. आठ-दहा दिवसांचंच दळत जा. सध्या जुनं आहे ते आधणाच्या पाण्यात भिजवा आणि एका वेळी एकाच भाकरीचं मळा. आणि आत्ता नवीन माल आलाय, वर्षाची ज्वारी घ्यायची हीच वेळ. त्यातलं मालदांडी वाणच घ्या. आमचं शेत मंगळवेढ्याकडे आहे म्हणून सांगतो, तिकडची काळी जमीन खोल, पाऊस संपता संपता पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक येतं, वर पाणी द्यायची पाळी फारशी येत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. एम ३५-१ म्हणतात ते वाण पण याच मालदांडीतून आपल्या मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रावर निवडलेलं. ज्वारी आणली की दोन दिवस कडक ऊन द्या आणि कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला.

बी-४०२ ताई: खूप धन्यवाद आप्पा, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं

ए-२०३ काकू: ताई तुम्ही नक्की या. आणि पुढच्या जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुमाराला आप्पांच्या शेतावर हुरड्याला पण चला, भट्टीतून काढलेलं कणीस हातावर चोळून गरम दाणे शेंगा चटणीबरोबर खायचे, ते घरी आणून होत नाही. चटणी मात्र मिक्सरला फिरवू नका. फिरवायचीच तर थांबत थांबत. शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ उखळात कुटून तेल सुटलं पाहिजे, मुठीत दाबली की गोळा राहतो तेव्हा झाली समजायची.

ए-३०१ अक्का: पाडव्याच्या दिवशी गच्ची नको हं ठेवू, आमच्या उगादीला मला खाली यायला पण वेळ नसतो. पचडी सगळ्या घरांना देणार आहे, कडुनिंबाचा मोहोर, नवी चिंच, गूळ, कैरी, तिखट, मीठ. मोहोर आपल्या गेटजवळच्या झाडाचाच घेते, त्यामुळे वॉचमनला सांगा फांद्या तोडू नका एवढ्यात.

सेक्रेटरी काका: सांगतो अक्का. झाडाला कोणी हात लावणार नाही.

बी-१०१ वहिनी: मग पाडवा झाला की लगेचचा शनिवार धरू या? फार लांबवलं तर वळवाचा भरवसा नाही, दुपारी आभाळ भरून आलं की पळापळ होते. आणि सांडगे पण याच ओघात घालू, पावसाळ्यात भाजी कडाडते तेव्हा आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी सांडग्याची आमटी असतेच

सी-२०४ दादा: आमचा मुलगा पुण्याला होस्टेलला असतो, त्याला कडक भाकऱ्या पाठवायच्यात, पण जुलैत पाठवलेल्या सादळल्या म्हणाला

ए-२०३ काकू: मंद आचेवर पुन्हा उभ्या लावून वाळवायच्या, ओल पूर्ण गेली पाहिजे, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. वाफ राहिली की सादळणारच. पाठवायच्या आधी मला एक दाखवा, मोडल्यावर कट्कन आवाज आला पाहिजे.

सेक्रेटरी काका: ठरलं तर मग, पाडव्यानंतरचा शनिवार, नळाला पाणी पण त्या सुमाराला येतंय. सकाळी साडेसहाला गच्ची उघडतो. पूर्वेची बाजू कुरडयांना, टाकीकडची मोकळी. कबुतरांसाठी वरून जुन्या साड्या बांधाव्या लागतील, काठ्या मी आणतो.

बी-१०१ वहिनी: गहू मंगळवारी भिजत घालते म्हणजे शुक्रवारी चीक निघेल. दहा किलो धरलेत, चीक घाटायला मोठं जाड बुडाचं पातेलं कोणाकडे आहे?

ए-३०१ अक्का: माझ्याकडे आहे, लग्नातलं. न्यायला दोघं पाठवा, जड आहे