मदत हवी आहे : देवनागरी मजकुरातल्या ओळी एकमेकींत अडकताहेत

नमस्कार मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेची मांडणी मी करतेय. ए५ आकार, ४८ पानं, आत सगळं काळंपांढरं. वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे, त्यामुळे अक्षर डोळ्यांना सोसायला हवं.

मजकूर १२ पॉइंटात मुक्ता फॉन्टमध्ये लावला आणि ओळींतलं अंतर इंग्रजीच्या सवयीने १४.५ ठेवलं. प्रूफ हातात आलं तेव्हा चूक दिसली. 'स्फूर्ती'चा ऊकार खालच्या ओळीतल्या 'कीर्तीं'च्या रफार-अनुस्वारावर चक्क टेकला होता! देवनागरीत शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली, दोन्हीकडे जागा लागते, हे तेव्हा नीट उमगलं. आता ओळींतलं अंतर १८ केलंय. पान मोकळं वाटतं, पण पानं ५२ वर जाताहेत आणि छपाईचं बजेट ४८ चंच आहे. अक्षर ११.५ करू, की समास कमी करू? समासाला हात लावायला माझं मन धजत नाही, पान धरताना अंगठा मजकुरावर येतो.

दुसरं, दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमध्ये मोठी भगदाडं पडतात. अक्षरांतलं अंतर वाढवलं तर शिरोरेषाच तुटते. फक्त डावी कड जुळवलेली स्मरणिकेत चालेल का?

आणि शीर्षकांसाठी पाकळीचा ल, देठाचा श (म्हणजे मराठी वळणाची अक्षरं) असलेला ठसठशीत मोफत फॉन्ट सुचवा. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट सुंदर आहे, पण त्यात ठळक (बोल्ड) प्रकार नाही.

प्रूफ शुक्रवारी परत द्यायचंय. कुणी एखादं पान नजरेखालून घालेल का?