जोहारी खिडकीतली ‘अंध’ चौकट रिकामीच राहते, मदत हवी आहे

लुफ्ट आणि इंगम या मानसशास्त्रज्ञांची १९५५ची जोहारी खिडकी सात जणांच्या गटात करतोय. यात आपल्याला आणि इतरांना आपल्याबद्दल काय दिसतं, यावरून चार चौकटी होतात; इतरांना दिसतं पण आपल्याला नाही, ते ‘अंध’ चौकटीत येतं. त्यासाठी प्रचलित ५६ विशेषणांची यादी मराठीत आणली. प्रत्येकाने स्वतःसाठी सहा आणि इतरांसाठी सहा-सहा निवडायची. सगळे ‘मनमिळाऊ’, ‘प्रेमळ’वरच खुणा करतात. ही यादी बहुतेक गोडच, हेही कारण असावं.

निनावी चिठ्ठ्या करून पाहिल्या, पण सातांत अक्षर लगेच ओळखू येतं. गूगल फॉर्मवर ‘सगळं छान’ एवढंच येतं. नकारात्मक शब्दांची यादी नको. माणसं दुखावून गप्प होतात. कोच परवडत नाही, महिन्याला ४५ मिनिटं मिळतात.

आता विशेषणं सोडून ‘गेल्या बैठकीत मी नेमकं काय केलं, त्याने तुमचं काय अडलं?’ असं विचारायचं ठरवतोय. उत्तरं आधी लिहून घ्यावीत की समोरासमोर? आणि पहिल्यांदा ऐकायला कोणी बसावं, गटप्रमुखाने की आणखी कोणी?