मदत हवी आहे: स्वतः कंपाईल केलेलं एलएस-डायना लायसन्सवर अडतंय, कॉलेजमधलं मूळचं मात्र चालतंय

नमस्कार मंडळी,

एम.टेक.चं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट हेल्मेटच्या आतल्या थर्माकोलवर आहे: आपटल्यावर तो किती दबतो आणि डोक्यापर्यंत किती धक्का पोचतो. आयएस ४१५१ (हेल्मेटचं भारतीय मानक) मधली आघाताची चाचणी संगणकावर, एलएस-डायना या आघाताचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करून बघायची आहे. तयार मटेरियल मॉडेल्समधलं एकही मला हवं तसं वागेना, म्हणून ऊमॅट४१ मध्ये (आपलं स्वतःचं मटेरियल लिहायची सबरूटीन) स्वतःचं फोरट्रान लिहिलं. आपला कोड ज्यांना जोडायचा त्या कंपनीच्या ऑब्जेक्ट फाइल्स आणि मेकफाइलचं पॅकेज एका सीनियरने पेनड्राइव्हवर देऊन ठेवलं होतं. दोन रात्री कंपायलरशी झुंजल्यावर एक्झिक्युटेबल तयार झालं. चालवलं, तर मॉडेल वाचायच्या आधीच 'लायसन्स मिळत नाही' म्हणून बंद. खाली ते अक्षरं फाकवून छापलेलं एरर टर्मिनेशन. एकेक अक्षर सावकाश वाचून दाखवल्यासारखं वाटतं.

गंमत म्हणजे त्याच मशीनवर, त्याच इनपुट फाइलवर (फक्त मटेरियल बदलून) कॉलेजचं मूळ एक्झिक्युटेबल व्यवस्थित धावतं. म्हणजे सर्व्हर जिवंत आहे.

करून बघितलेलं: मशीन रीस्टार्ट केलं, ८ ऐवजी १ कोअरवर चालवलं, माझं फोरट्रान काढून नुसता नमुन्याचा ऊमॅट ठेवून परत कंपाईल केलं. एरर तीच. लॅबमधले सर म्हणतात, "तुझ्या कोडमध्येच काहीतरी असणार." गाइडची मीटिंग सोमवारी आहे. कुणी सुचवेल का?

प्रतिसाद १

नमुन्याच्या ऊमॅटनेही तीच एरर येत असेल तर तुझं फोरट्रान निर्दोष सुटलं, सरांना सांग. लायसन्सची तपासणी तू लिहिलेल्या फाइलमध्ये नसतेच. ती कंपनीने दिलेल्या बंद ऑब्जेक्ट फाइल्समध्ये असते आणि लिंक करताना तुझ्या एक्झिक्युटेबलमध्ये येऊन बसते.

आता हे सांग: लायसन्स कुठून घ्यायचं ते ठरवणाऱ्या एलएसटीसी_लायसन्स या व्हेरिएबलची किंमत काय आहे? (नावं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी कॅपिटलमध्ये लिही.) मूळचं तू थेट चालवतोस की कुठल्या स्क्रिप्टमधून? आणि दोन्ही रनच्या डी३एचएसपी या नोंदींच्या फाइलच्या सुरुवातीची चौकट बघ. आवृत्ती, प्लॅटफॉर्म, कंपायलर, लायसन्स कुणाच्या नावावर, सगळं तिथे छापलेलं असतं. एरर आली की लोक शेवटची ओळ वाचतात, पहिलं पान कुणी वाचत नाही.

प्रतिसाद २

क्रॅक घे आणि मोकळा हो.

प्रतिसाद ३

वरच्यांना: मुलाला डिग्री घ्यायची आहे, नोटीस नाही. शिवाय त्याला स्वतःचं मटेरियल जोडायचंय, त्यात क्रॅकचा काय उपयोग?

धागाकर्ता

धन्यवाद दादा. बघितलं. मूळचं एका स्क्रिप्टमधून चालतं. तिच्यात एलएसटीसी_लायसन्स=अॅन्सिस आहे आणि खाली अॅन्सिसएलएमडी_लायसन्स_फाइल=१०५५@सर्व्हर अशी ओळ आहे. माझं मी टर्मिनलवरून थेट चालवत होतो, तिथे बॅशआरसीमध्ये (टर्मिनलची सेटिंग फाइल) एलएसटीसी_लायसन्स=नेटवर्क आणि ३१०१० पोर्टवरचा कुठला तरी जुना सर्व्हर निघाला. सापडलं म्हणून उड्या मारल्या! स्क्रिप्टमधल्या दोन्ही ओळी उचलून माझ्याकडे टाकल्या, तरी नाहीच. चौकटीत आवृत्ती मूळची आर१३, माझी आर९.

प्रतिसाद ४

आर९ म्हणालास तिथेच उत्तर आहे. मी चाकणला सीएई (संगणकावर इंजिनिअरिंगची विश्लेषणं) करतो, हेच आमच्याकडेही होऊन गेलंय.

एलएस-डायना पूर्वी एलएसटीसी या कंपनीचं होतं आणि त्यांचा स्वतःचा लायसन्स सर्व्हर होता, तोच तुझा ३१०१० वाला. २०१९ मध्ये अॅन्सिसने एलएसटीसी विकत घेतली. त्यानंतरच्या आवृत्त्यांना अॅन्सिसच्या लायसन्सशी बोलता येऊ लागलं. तुझ्या कॉलेजने मधल्या काळात जुना सर्व्हर बंद करून नवं लायसन्स घेतलेलं दिसतंय. सीनियरचं पॅकेज त्याआधीचं. त्या ऑब्जेक्ट फाइल्सना नवी बोली माहीतच नाही, मग तू व्हेरिएबलमध्ये काहीही लिही.

तेव्हा पेनड्राइव्ह ठेवून दे. कॉलेजच्या लायसन्सचं ज्यांच्याकडे काम आहे त्यांच्यामार्फत आर१३ चं यूजरमॅट (स्वतःचं मटेरियल जोडायचं) पॅकेज माग. ते सहसा उघड्यावर डाउनलोडला नसतं, विक्रेत्याकडून घ्यावं लागतं. मागताना एसएमपी (सामायिक मेमरीवर चालणारं) की एमपीपी (विभागलेल्या मेमरीवर चालणारं), सिंगल की डबल प्रिसिजन, हे नीट सांग. पॅकेजच्या नावात इंटेल फोरट्रानची आवृत्तीही असते, तीच वापर. हाताशी दुसरी आहे म्हणून तिच्यावर भागवायला गेलास तर लिंक करताना रडशील.

आणि जुनी ऊमॅट फाइल जशीच्या तशी नव्यात टाकू नकोस. सबरूटीनच्या आर्ग्युमेंटची यादी आवृत्तीनुसार बदललेली असते. नव्या नमुन्यातली पहिली ओळ तशीच ठेव, आतलं फक्त तुझं लिही. हे चुकलं तर एरर येईलच असं नाही, बिनबोभाट चुकीची उत्तरं येतील. ते लायसन्सच्या एररपेक्षा वाईट.

प्रतिसाद १

बरोबर. मी व्हेरिएबलपाशीच थांबलो असतो. एक भर घालतो: पॅकेज शेअर्ड लायब्ररीचं मिळालं तर तेच घे. मग एक्झिक्युटेबल त्यांचंच राहतं, तू फक्त छोटी लायब्ररी कंपाईल करायची आणि इनपुटमध्ये मॉड्यूल कीवर्डने जोडायची. आवृत्ती मात्र तिथेही जुळावीच लागते.

पुढे क्लस्टरवर गेलास आणि पुन्हा लायसन्स अडलं, तर फायरवॉल बघ. १०५५ उघडा असून भागत नाही. त्यामागे व्हेंडर डीमन (लायसन्स प्रत्यक्ष वाटणारा प्रोग्राम) दुसऱ्या पोर्टवर बसलेला असतो. तो पोर्ट लायसन्स फाइलमध्ये पक्का केला नसेल तर सर्व्हर चालू झाला की बदलू शकतो. काल चाललं, आज नाही, याचं अर्धं कारण तिथे असतं.

धागाकर्ता

उशिरा लिहितोय, माफी. पॅकेज यायला ११ दिवस लागले, सोमवारची मीटिंग सरांसमोर ही चौकट दाखवण्यातच गेली. आर१३ चं शेअर्ड लायब्ररीचं मिळालं. खरंच आर्ग्युमेंटची यादी वेगळी होती, जुनी फाइल तशीच टाकली असती तर फसलो असतो. बॅशआरसीमधली जुनी ओळ उडवली. काल रात्री पहिल्यांदा लायसन्स घेतलं, मॉडेल वाचलं, गणित सुरू झालं.

३.८ मिलिसेकंदांवर थर्माकोलच्या एका एलिमेंटचं घनफळ ऋण झालं आणि परत तीच फाकवलेली अक्षरं. पण आता चूक माझी आहे. त्यासाठी वेगळा धागा काढतो.