खाऱ्या हवेत खिशात बाळगायच्या चाकूसाठी कोणते पोलाद घ्यावे?

प्रश्न – आगरकरी, गुहागर

नमस्कार मंडळी. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचे नारळ-सुपारीचे आगर आहे. मोठ्या कामाला कोयता आहेच. परंतु सुंभ कापणे, खताच्या गोणीची शिवण उसवणे, पाडाचा आंबा चिरून पाहणे अशा किरकोळ कामांसाठी घडीचा चाकू सतत खिशात असतो. गेल्या वर्षी घेतलेला डी२ पोलादाचा चाकू धारेला उत्तम निघाला. मात्र पावसाळ्यात तो तीन दिवस खुंटीवरच्या पँटच्या खिशात राहिला, तेवढ्यात पात्यावर तांबूस ठिपके पडले, आणि ते घासून काढल्यावर खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले. विकणाऱ्याने तर हे पोलाद ‘जवळजवळ स्टेनलेस’ असल्याचे सांगितले होते. आता ८सीआर१३एमओव्ही, १४सी२८एन आणि एलसी२००एन ही नावे समोर आहेत. गंज टाळायचा तर धारेच्या बाबतीत नेमके किती सोडावे लागते?

उत्तर – साचेवाला, रत्नागिरी

डी२ हे मुळात पत्रा कापणाऱ्या ‘पंच’ आणि ‘डाय’ या साच्यांचे पोलाद आहे. आमच्या कारखान्यात ते तेलात माखलेले असे, त्यामुळे गंजाचा प्रश्न क्वचितच येई. त्यात क्रोमियम सुमारे १२ टक्के असते, आणि साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असले की पोलादाला स्टेनलेस म्हणण्याची पद्धत आहे. म्हणून विकणाऱ्याचे ‘जवळजवळ’ कागदावर खोटे ठरत नाही. पण त्याच पोलादात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असतो, आणि तो बरेचसे क्रोमियम ओढून घेऊन त्याचे कठीण कार्बाइडचे कण बनवतो. हेच कण तुमची धार टिकवत होते. कार्बाइडमध्ये अडकलेले क्रोमियम मात्र पृष्ठभागावर संरक्षक पापुद्रा धरण्याच्या उपयोगाचे राहत नाही, आणि मिठातले क्लोराइड हा पापुद्रा जिथे दुबळा असेल तिथेच भेदून आत खोल जाते. तुम्हाला दिसलेले खड्डे त्याचेच आहेत.

१४सी२८एन या मूळच्या स्वीडिश पोलादात कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४ टक्के आणि नायट्रोजन ०.११ टक्के असतो. नायट्रोजन कठीणपणाला हातभार लावतो, पण कार्बनइतके क्रोमियम अडकवून ठेवत नाही. त्यामुळे कठीणपणा मोजायच्या रॉकवेल मापावर ५८ ते ६० पर्यंत कठीण करूनही ते गंजाला चांगले तोंड देते. कार्बाइड बारीक असल्याने घरच्या दगडावर धार लवकर चढते, जे डी२च्या बाबतीत हात दुखेपर्यंत होत नाही. ८सीआर१३एमओव्हीमध्ये कार्बन ०.८ टक्क्यांच्या आसपास आणि क्रोमियम १३ टक्क्यांच्या घरात असते. ते स्वस्त आहे आणि वाईट नाही, पण तुमच्या जागी मी थोडे जास्त पैसे घालून १४सी२८एन घेईन. अर्थात लोहार ज्याला पाणी देणे म्हणतात ते, म्हणजे पाते तापवून झटकन थंड करून कठीण करणे, नीट झाले नसेल, तर पात्यावर कोरलेल्या नावाला काही अर्थ नाही.

उत्तर – होडीवाला, हर्णै

जाळ्यावर रोज काम असेल तरच एलसी२००एन घ्यावे. त्यात कार्बन ०.३ टक्के आणि नायट्रोजन ०.४ टक्के असल्याने खाऱ्या पाण्यात ते टिकते. माझे पाते दोन वर्षे स्वच्छ आहे. किंमत मात्र बरीच चढी, आणि बिजागरीचे स्क्रू साध्या पोलादाचे असतील तर तेच आधी गंजतात. पाते कसलेही असो, बिजागरीतून गोडे पाणी सोडून चाकू उघडा ठेवून वाळवावा.

उत्तर – कलमवाला, देवगड

कार्बन पोलादाचे, म्हणजे क्रोमियम जवळजवळ नसलेल्या साध्या पोलादाचे, नाव कोणीच घेतले नाही, म्हणून लिहितो. कोय कलमासाठी काडीला पाचरीचा काप एका ओढीत साफ यावा लागतो, आणि तशी धार साध्या कार्बन पात्याला दगडावर चार हात मारले की येते. कैरीच्या आंबटपणाने आणि चिकाने पाते काळे पडते, ते पडू द्यावे. तो थर तांबड्या गंजाला थोडा आवर घालतो, पण खाऱ्या वाऱ्यापुढे तेवढ्याने भागत नाही, म्हणून काम संपल्यावर पाते पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवावा लागतो. जो माणूस चाकू पँटच्या खिशात विसरतो, त्याने या वाटेला जाऊ नये, हे मीही मान्य करतो. शिवाय ओपिनेल या फ्रेंच घडीच्या चाकूसारखी लाकडी मूठ आषाढात फुगते आणि पाते उघडता उघडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आगरकरी, गुहागर

सर्वांचे आभार. विसरण्याचा दोष माझाच आहे, त्यामुळे कार्बन बाद झाले. १४सी२८एनचा चाकू घेतो, आणि डी२चा तेल लावून माजघरात गोणी फोडायला ठेवतो. बिजागरी आज सोडवून पाहिली, तर आत पात्यापेक्षा जास्त गंज निघाला.